कंसातलं हसणं

पडद्याच्या तळाशी उमटणाऱ्या ओळी लिहिणं हे माझं काम आहे. मराठी संवादांच्या मराठीच ओळी. मराठीला पुन्हा मराठी कशाला, असं लोक विचारतात, तेव्हा मी त्यांना ऐकू न येणाऱ्या माणसांबद्दल सांगते. उतारवयात कान मंदावलेले आजी-आजोबा, जन्मापासून कर्णबधिर असलेली मुलं, यांना चित्र दिसतं पण गोष्ट अर्धीच पोचते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्यानं माध्यमांतला मजकूर अशा ओळींसह मिळायला हवा हे मान्य केलेलं आहे. हे काम मराठीत वाढायला हवं असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणूनच त्यातली जी जागा मला सगळ्यात अवघड वाटते, तिच्याबद्दल लिहिते आहे.

शब्द लिहिणं त्या मानानं सोपं. कान तयार असला आणि हाताला वेग असला की जमतं. वेळ जातो तो हसण्यापाशी. बोलणं ओळीत बसतं, हसणं कंसात टाकावं लागतं, आणि कंसात काय लिहायचं याचा मराठीत एकच जुना वारसा आहे: 'हशा'. जुन्या व्याख्यानांचे छापील वृत्तान्त काढून पाहा. मधेच कंस येतो, 'हशा'. थोडं पुढे 'प्रचंड हशा'. शेवटी 'हशा आणि टाळ्या'. वक्ता एक, सभा एक, तोवर हे पुरत होतं. पण एका टपरीवर सहा जण उभे आहेत, एक हसला म्हणून दुसरा हसतो, तिसऱ्याला ते लागतं आणि चौथा ओठ चावून हसू दाबतो, तिथे 'हशा' म्हणजे काही न सांगण्यासारखंच.

आमचं काम तपासणाऱ्यांत एक जन्मतः कर्णबधिर गृहस्थ आहेत. ते शेरे लेखी पाठवतात, मोजक्या शब्दांत. एका लघुपटावर त्यांनी लिहिलं होतं, "समोरचा हसतोय हे मला दिसतं, ते लिहू नका. पाठीमागे कोण हसलं ते लिहा. आणि कुणाबरोबर हसतायत की कुणाला हसतायत, तेही कळू द्या. आम्हाला आयुष्यभर तेच ओळखत बसावं लागतं."

यानंतर माझं ऐकणंच पालटलं. मराठीत 'हसू' आणि 'हसं' हे दोन शब्द अगदी शेजारी राहतात. हसू येतं, हसू फुटतं, हसू आवरत नाही. ते ज्याचं त्याचं असतं. हसं मात्र होतं किंवा केलं जातं, आणि ते करणारे नेहमी दुसरे असतात. ऐकू येणाऱ्याला हा फरक आवाजातल्या एका बारीक धारेवरून कळतो. न ऐकणाऱ्याला तो आम्ही लिहिला तरच कळणार.

पुढे एक माहितीपट आमच्याकडे आला. स्पर्धा परीक्षांसाठी पुण्यात राहणाऱ्या मुलामुलींवरचा. सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या भागात फिरलेल्या माणसाला ही मंडळी ठाऊक आहेत. अभ्यासिकेत एक टेबल, कॉट बेसिसवर एक पलंग, मेसचा डबा आणि रात्रीचा चहा. राज्यसेवेची पूर्व परीक्षा, मग मुख्य, मग मुलाखत. एका पायरीवर घसरलं की पुन्हा पहिल्यापासून. शहराला ती आठवतात ती त्यांच्या संतापामुळे. मार्च २०२१ मध्ये परीक्षा ऐन तोंडावर पुढे ढकलली गेली आणि मुलं शास्त्री रस्त्यावर उतरली, ते सगळ्यांनी पाहिलं. ती हसतात कशी, ते टपरीवाल्यांशिवाय फारसं कुणी ऐकलेलं नाही. या माहितीपटात ते होतं. भरपूर होतं.

टपरीवरचा हा गट सहा जणांचा. एक जतकडचा, एक गेवराईचा, एक मुलगी वाशिमची, एक चाळीसगावचा, दोघं करमाळ्याची. एकानं "बेक्कार हसलो" म्हणावं, वाशिमच्या मुलीनं "हसू हसू पोट दुखून गेलं बाप्पा" म्हणावं, चाळीसगावचा प्रत्येक वाक्याला "भो" लावणार. निवड होणं याला त्यांचा शब्द 'पोस्ट निघणं'. आणि आनंदाला शब्द 'गुलाल'. निकाल लागला की गुलाल, सराव परीक्षेत बरे गुण पडले तरी छोटा गुलाल, मेसमध्ये अवचित पुरणपोळी आली तरी गुलालच. गावाकडच्या यात्रेतला आणि निवडणुकीतला गुलाल त्यांनी पुण्यात आणून रोजच्या वापरात काढला आहे. कुणी यादीत आलं की तो खराही उधळला जातो.

यातला जतचा मुलगा मुलाखतीत पुण्यातले पहिले दिवस सांगतो. दुकानात गेलं, 'पानी' म्हटलं, की मागे उभी असलेली पोरं फिसकन हसायची. त्याला आधी कळेना कशाला हसतात. मग कळलं, आणि त्यानंतर बरेच दिवस तो पाण्याच्या बाटलीकडे बोट दाखवून पैसे पुढे करायचा. इतकं तो सहज सांगून जातो. या शहराच्या शुद्ध-अशुद्धाच्या अभिमानाबद्दल मला लहानपणापासून माहीत होतं, पण त्याच्यामुळे कुणाला तहान लागलेली असताना गप्प राहावं लागतं, हे मला त्या मुलाकडून कळलं. हे असं हसणं विनोदात मोडत नाही. ते दार लावून घेणं आहे. आम्ही ओळीत 'पानी'च ठेवलं. त्याला विचारलंही होतं. तो म्हणाला, "पानीच लिवा ताई. आई पानीच म्हंती."

आणि मग त्याच गटाचा तो शब्द आला, 'फुर्राट'.

त्याची जन्मकथा त्यांनीच सांगितली आहे. मुलाखतीचा सराव चालला होता. एक जण आयोगाचा अध्यक्ष झालेला, समोर उमेदवार. अध्यक्षानं गंभीरपणे विचारलं, "आपला छंद?" उमेदवार तितक्याच गंभीरपणे म्हणाला, "फॉर्म भरणे." नेमका त्याच क्षणी वाशिमच्या मुलीच्या तोंडात चहाचा घोट होता. तो फुर्रकन उडाला आणि समोर उघड्या पडलेल्या 'लोकराज्य'च्या अंकावर नकाशासारखा पसरला. त्या दिवसापासून असं हसणं म्हणजे फुर्राट. नुसतं मोठ्यानं हसणं नव्हे. दाबून धरलेलं, धरवेनासं झालेलं आणि सगळ्यांचं एकदम सुटलेलं.

मी हा भाग पुन्हा पुन्हा ऐकला, आणि मला सगळ्यात नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. शब्द कालपरवाचा, कुठल्या कोशात नाही, कुणी शिकवलेला नाही. तरी सहाही जण त्याला पुल्लिंगीच चालवतात. "काल काय फुर्राट झाला", "फुर्राटात अर्धा तास गेला", "परवाच्या फुर्राटाची सर नाही". पाच तालुक्यांच्या पाच तऱ्हा, आणि या शब्दाच्या लिंगावर, सामान्यरूपावर एकाचंही दुमत नाही. कारण शब्द नवा असला तरी साचा जुना आहे. गडगडाट, कडकडाट, चिवचिवाट, लखलखाट, गोंगाट. पुष्कळ आवाज, पुष्कळ उजेड, पुष्कळ काहीतरी एकदम उसळलं की मराठी 'आट' लावते. भन्नाट आणि सुसाट तिथलेच. २०१६ साली 'सैराट' आला आणि 'झिंगाट' लग्नाच्या वरातींपासून गणपतीच्या मिरवणुकीपर्यंत सगळीकडे वाजलं, तेव्हा कुणालाही त्याचा अर्थ विचारावा लागला नाही. चहाच्या फुर्रला आट लावताना त्या मुलांनी व्याकरणाचं पुस्तक उघडलं नव्हतं. ते त्यांच्या जिभेतच होतं, पानी म्हणणाऱ्या जिभेत.

हसण्याच्या बाबतीत आपली भाषा मुळात श्रीमंत आहे. आमच्या खोलीत दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आहे, १९३२ ते १९३८ या काळात इथेच पुण्यात निघालेला. शेजारी मोल्सवर्थचा १८५७ च्या आवृत्तीवरून पुन्हा छापलेला कोश. कंसात लिहायला शब्द हवा असला की मी तिथे जाते, आणि दर वेळी लक्षात येतं की आपले हे शब्द हसू शरीरात कुठे घडतं ते सांगतात. खुदकन हसणं ओठांपाशी. गालातल्या गालात तर नावातच आलं. फिदीफिदी दातांतून, खिदळणं गळ्यातून. खदखदून हसणं छातीच्याही खालून येतं. भातही खदखदतो, माणूसही. मुरकुंडी वळते तेव्हा अख्खं अंग दुमडतं. आमच्या कर्णबधिर परीक्षकांना हे शब्द आवडतात ते यामुळेच. 'खदखदून' लिहिलं की त्यांच्या डोळ्यांपुढे हलणारे खांदे येतात, असं त्यांनी कळवलं होतं. 'मोठ्याने हसतो' असं लिहिलं की काहीच येत नाही.

कोशातले शब्द असे आणि कट्ट्यावरचे तसे, अशी भिंत घालायला मी म्हणूनच तयार नसते. यावरून त्या माहितीपटाच्या वेळी थोडी चर्चाही झाली. एका प्रसंगात करमाळ्याची मुलगी म्हणते, "बास, मी वारले." हसून हसून, अर्थातच. सध्या तरुण मुलं हसण्याला मरणाचीच क्रियापदं लावतात: मेलो, खपलो, गेलो, वारलो. त्यात 'वारलो' सगळ्यात गमतीचा, कारण वारणं हे आपण घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी राखून ठेवलेलं अदबीचं क्रियापद. आजोबा वारले. विशीतली मुलगी स्वतःबद्दल, तेही टपरीवर उभी राहून, हे म्हणते तेव्हा त्या अदबीमुळेच हसू दुप्पट होतं. चित्रपटाच्या बाजूनं काम पाहणाऱ्या बाईंना ते खटकलं. "हसण्यात मरण कशाला? 'मी खूप हसले' असं करा ना." मी त्यांना सांगितलं की ही मुलं नवं काही करत नाहीत. हसून हसून पोट फुटायची वेळ आली, जीव कासावीस झाला, पुरेवाट झाली, हे आपल्या आज्याही म्हणत आल्या. हसताना माणूस थोडा कोसळतोच, आणि मराठीला ते पूर्वीपासून माहीत आहे. बाईंनी ऐकून घेतलं. 'वारले' राहिलं.

त्या 'पुरेवाट'वरून आणखी एक शब्द आठवतो. मायबोली हे संकेतस्थळ १९९६ साली अमेरिकेतल्या मराठी माणसांनी सुरू केलं. तिथे आणि पुढे आलेल्या मराठी संकेतस्थळांवर लोक 'हहपुवा' लिहायला लागले. हसून हसून पुरेवाट, त्यातली आद्याक्षरं. गडबडा लोळण्याची वेळ आली की 'हहगलो'. इंग्रजीत आद्याक्षरांची अशी रूपं होतीच. मराठी माणसांनी ती उसनी न घेता आपल्याच वाक्प्रचाराला गाठ मारली. घरापासून हजारो मैलांवर, आजूबाजूला मराठी कानावर पडत नसताना, हसायचं ते मराठीत, या हट्टातून तो शब्द आला असावा असं मला वाटतं. मला तो फार प्रिय आहे. कामाच्या दृष्टीनं तर तो आदर्श: चार अक्षरं, कंसात सहज मावतो, वाचायला क्षणभरही लागत नाही. पण पडद्यावर मी तो एकदाही वापरलेला नाही. तो लिहिण्यातून जन्मलेला शब्द आहे, कुणाच्या घशातून निघालेला नाही. आणि ज्यांनी तो घडवला त्यांच्या वर्तुळाबाहेरच्या वाचकाला तो कोड्यासारखा वाटेल. शब्द आवडणं निराळं आणि तो योग्य जागी असणं निराळं.

पुण्यातल्या बागांमधून सकाळी चालणारे हास्यवर्गही माझ्या कामात येऊन गेले. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी मुंबईत लोखंडवालाच्या बागेत पहिला वर्ग घेतला. सुरुवातीला लोक एकमेकांना विनोद सांगत, ते काही दिवसांतच संपले, आणि मग विनोदाशिवायच हसायचं ठरलं. पुण्यात विठ्ठल काटे यांच्या नवचैतन्य हास्ययोग परिवारानं ही चळवळ बागाबागांत नेली. तिथे हसण्याला रीतसर नावं असतात: नमस्ते हास्य, सिंहहास्य, मौन हास्य. ओळी लिहिणाऱ्याला याहून सोपं काय! म्होरक्या नाव पुकारतो, तेच कंसात जातं. मला मात्र त्या चित्रणातला शेवटचा भाग सगळ्यात जास्त आवडला, वर्ग संपल्यानंतरचा. चपला शोधताना, रुमाल झटकताना त्या आजी-आजोबांमध्ये जे बारीक खुसुखुसु चालतं, त्याला नाव नव्हतं. त्यासाठी आम्हाला वेळ लागला.

एकांकिकांची चित्रणं येतात तेव्हा प्रश्न उलटा असतो. महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. भरत नाट्य मंदिरात ज्यानं "अरे आवाज कुणाचा" ऐकला आहे त्याला सांगायला नको की तिथला प्रेक्षक गप्प बसायला आलेला नसतो. स्पर्धेत उतरलेल्या एखाद्या एकांकिकेचं चित्रण पाहताना जाणवतं, की प्रेक्षागृहाचं हसणं हे त्या प्रयोगातलं एक पात्रच असतं. नट त्याच्यासाठी थांबतो, त्याच्याशी खेळतो. पडद्यावर नट गप्प उभा दिसतो आणि न ऐकणाऱ्याला वाटतं, हा वाक्य विसरला. तिथे '[प्रेक्षागृहात हास्याचा गडगडाट]' लिहिणं हे नटाच्या अब्रूचंही काम असतं.

पुन्हा नवी पेठेकडे येते. 'फुर्राट'चं काय करायचं? माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलानं सुचवलं, बोलण्यात आला तिथे ठेवू, पण कंसात आपण 'सगळे खदखदून हसतात' असं लिहू. कंस ही आपली भाषा, त्यांची नाही. त्याचं म्हणणं नियमाला धरून होतं. तरी मला ते पटेना. या मुलांचं बोलणं शहरानं हसण्यावारी नेलं होतं. त्यांनी आपापल्या गावच्या शब्दांपैकी एकही पुढे रेटला नाही, पुण्याचाही घेतला नाही. जत, गेवराई, वाशिम, चाळीसगाव, करमाळा यांपैकी कुणाचाच नसलेला, म्हणून सगळ्यांचा असलेला एक शब्द केला. तो उच्चारताना कुणाची जीभ चुकत नाही, कारण त्याचा बरोबर उच्चार ठरवणारं त्यांच्याशिवाय कुणीच नाही. त्यांच्या हसण्याला आम्ही आमच्या शब्दात बसवणं म्हणजे पुन्हा पाण्याच्या बाटलीकडे बोट दाखवायला लावणं.

शेवटी असं केलं. चहा उडाल्याची हकीकत माहितीपटात सुरुवातीलाच येते, त्यामुळे वाचकाला शब्द तिथे कळतो. त्यानंतर त्या सहा जणांचं तसं हसणं कॅमेऱ्याबाहेरून आलं की कंसात '[फुर्राट]'. आणि दुकानातल्या पोरांचं हसणं मात्र सविस्तर: '[मागून कुणीतरी त्याला फिसकन हसतं]'. 'त्याला' हा शब्द मुद्दाम. आमच्या परीक्षकांकडून दोन्ही जागा शेऱ्याशिवाय परत आल्या, खाली एवढंच लिहिलेलं होतं, "बाटलीचा प्रसंग आमचाही आहे."

राहिलं होतं ते लेखन. हा शब्द लिहायचा कसा? फुर्राट, फूर्राट की फुऱ्राट? मी जतच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, आमी तर कदी लिवलाच न्हाई. इचारून सांगतो." त्या रात्री सहा जणांचे आवाज एकामागून एक माझ्या फोनवर येत राहिले, प्रत्येकाचा फुर्राट निराळा. वाशिमच्या मुलीचं म्हणणं की मुळात चहा तिच्या तोंडातून उडाला, तेव्हा तिचाच उच्चार धरावा. गेवराईच्या मुलाला 'र' तीन वेळा हवा होता. मधेच कुणालातरी हसू फुटलं आणि पुढचा निरोप नुसताच फुर्राटाचा निघाला. पहिला ऱ्हस्व उकार आणि दोन र, यावर मध्यरात्रीनंतर एकमत झालं. मग चाळीसगावच्या मुलाचा लेखी निरोप आला, "ताई, एक सांगायचं राहिलं. ट चा पाय मोडू नका भो, तो पूर्ण वाजतो."